अंतर गाडी राखेल, रस्ता आपणच पाहायचा

घरात नवी मोटार आली की पहिले काही दिवस तिचे गुण ऐकण्यातच जातात. छताला काच आहे, समोर मोठा पडदा आहे, बोललेले तिला समजते. गेल्या चार-पाच वर्षांत या गुणांत आणखी एकाची भर पडली आहे. “हायवेला लागलो की पाय काढून घ्यायचा. ती आपोआप पळते, पुढे गाडी आली की आपोआप ब्रेक मारते,” असे घरातला कमावता मुलगा कौतुकाने सांगतो. अब्बांना ते पुरते पटत नाही, पण मुलाच्या आनंदावर पाणी पडायला नको म्हणून ते गप्प बसतात. मग पुढच्या ईदला किंवा मामेबहिणीच्या लग्नाला सहा-सात माणसे त्याच गाडीत बसून रातोरात गावाकडे निघतात.

या सोयीचे नाव ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. थोडक्यात तिला एसीसी म्हणतात. सोय चांगली आहे. लांबच्या सफरीत ती थकवा खरोखर कमी करते. मात्र ‘आपोआप’ या शब्दाने तिचे जे वर्णन होते ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ठाऊक नसेल तर त्याची किंमत गाडीतल्या सगळ्यांनाच मोजावी लागते. म्हणून ही यंत्रणा रस्त्यावर प्रत्यक्षात कशी वागते, कुठे नीट वागते आणि कुठे हात वर करते, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत. गाडी चालवणाऱ्यांनी ते वाचावेच, पण शेजारी आणि मागे बसणाऱ्यांनीही वाचावे.

एका अंध इंजिनिअरची कल्पना

साध्या क्रूझ कंट्रोलचा शोध राल्फ टीटर या अमेरिकी इंजिनिअरने लावला. वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या इजेमुळे त्यांची दृष्टी गेली होती. असे सांगतात की, त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत. त्या हिसक्यांना कंटाळून टीटर यांनी एकच वेग धरून ठेवणारे यंत्र बनवायचे मनावर घेतले. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने हे यंत्र आपल्या गाड्यांत दिले.

त्या यंत्राला पुढचे काही दिसत नसे. ८० वर लावले की ते ८० धरून ठेवी, मग पुढे ट्रक असो वा बैलगाडी. ही उणीव भरून काढायला पुढची काही दशके गेली. १९९५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने आपल्या डायमांटे गाडीत लेसरने पुढच्या वाहनाचे अंतर मोजण्याची व्यवस्था केली. ती ब्रेक लावत नसे, फक्त इंजिनचा जोर कमी करून आणि गिअर उतरवून वेग घटवी. १९९९ मध्ये मर्सिडीजने एस-क्लास गाडीत रडार बसवले आणि गाडी स्वतः ब्रेक लावू लागली. आपल्याकडे २०२० मध्ये आलेली एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० यांच्यापासून ही सोय ‘अडास’ या नावाखाली लोकांच्या बोलण्यात आली. आता मध्यमवर्गीय कुटुंबे घेतात त्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांतही ती मिळते.

गाडी काय मोजते?

बंपरमध्ये किंवा पुढच्या जाळीमागे एक छोटे रडार असते. ते रेडिओलहरी सोडते आणि पुढच्या वाहनावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते. त्यावरून त्याला दोन गोष्टी कळतात. पुढचे वाहन किती दूर आहे, आणि त्याच्या व आपल्या वेगात किती फरक आहे. पुष्कळ गाड्यांत आरशाजवळ काचेच्या आत कॅमेराही असतो. तो लेनचे पट्टे आणि समोरच्या वस्तूचा आकार ओळखतो.

चालवणारा तिला दोन गोष्टी सांगतो. जास्तीत जास्त वेग किती, आणि पुढच्या वाहनापासून अंतर किती. अंतराच्या सहसा तीन किंवा चार पायऱ्या असतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे अंतर मीटरमध्ये ठरलेले नसते, सेकंदांत ठरलेले असते. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. दोन सेकंदांचे अंतर म्हणजे त्या वेगात ५६ मीटर. वेग ६० वर आला की तेच दोन सेकंद ३३ मीटरचे होतात. म्हणून वेग वाढला की गाडी पुढच्यापासून लांब राहते आणि कमी झाला की जवळ येते. तो बिघाड नाही.

रस्ता मोकळा असेल तर गाडी सांगितलेला वेग धरते. पुढे सावकाश वाहन आले की त्याच्यामागे अंतर राखून चालते. ते थांबले तर बऱ्याच गाड्या मागोमाग थांबतात. ते लगेच निघाले तर आपली गाडीही निघते. थांबून काही सेकंद उलटले की मात्र बटण किंवा ॲक्सिलरेटर दाबून तिला पुन्हा हुकूम द्यावा लागतो. स्टिअरिंग फिरवणे एसीसीचे काम नाही. काही गाड्यांत लेन धरून ठेवणारी व्यवस्था असते, पण ती वेगळी.

दिवसाची वेळ, कोरडा सरळ रस्ता, शिस्तीने चालणारी वाहतूक, अशा ठिकाणी एसीसी छान काम करते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. इतके अंतर एकाच अवस्थेत पाय धरून बसण्यापेक्षा हे बरेच सुसह्य असते.

उभा ट्रक

आता अवघड भाग. पुढे ताशी ६० वेगाने चालणारा ट्रक आहे आणि आपण १०० वर आहोत, असे समजू. वेगातला फरक ४० चा. तोच ट्रक बिघडून लेनमध्ये उभा असेल तर फरक १०० चा होतो.

एसीसी ब्रेक लावते ती सौम्यपणे. या यंत्रणेसाठी आयएसओ १५६२२ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठ्या वेगात ब्रेक किती जोराने लागावा याची मर्यादा त्यात घातली आहे. हिशेब मांडला तर गाडीचा वेग दर सेकंदाला सरासरी साडेबारा किलोमीटरच्या आसपास उतरतो, त्याहून झपाट्याने नाही. हेतू चांगला आहे. यंत्राची समजूत चुकून विनाकारण ब्रेक लागला तरी मागच्या गाडीने येऊन धडकू नये, आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळावा. पण या सौम्य ब्रेकने चालत्या ट्रकच्या वेगावर यायला १८ मीटर पुरतात, तर उभ्या ट्रकमागे थांबायला ११० मीटर लागतात. वेगातला फरक अडीच पट झाला, अंतर मात्र सहा पट झाले. कोरड्या रस्त्यावर माणसाने ब्रेकवर जीव खाऊन पाय दिला तर याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबते. म्हणजे ब्रेकची निम्मी ताकद एसीसी वापरतच नाही.

दुसरी अडचण रडारची. रस्त्याकडेचे पत्रे, फलक, पुलाचे खांब हे सगळे उभेच असतात आणि सगळ्यांचा प्रतिध्वनी येतो. प्रत्येकाला घाबरून गाडीने ब्रेक लावला तर ती चालवताच येणार नाही. म्हणून रडारच्या यंत्रणेला उभ्या वस्तूंकडे बरेचसे दुर्लक्ष करायला शिकवलेले असते. त्या दुर्लक्षात उभा ट्रकही सापडू शकतो. नव्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या मदतीने सुधारणा झाली आहे, तरीही उभ्या वाहनासाठी एसीसीवर विसंबू नका, अशी सूचना गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत सर्रास असते. संकटात आपोआप लागणारा जोराचा ब्रेक ही आणखी वेगळी व्यवस्था आहे. तो टक्कर सौम्य करू शकतो, पण हायवेच्या वेगात टळेलच असे नाही.

आपल्या रस्त्यांवर हा धोका कागदावरचा नाही. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण दगावले. ट्रक महामार्गावरच थांबवला गेला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. त्या अपघाताचा एसीसीशी संबंध नव्हता. पण रात्रीच्या वेळी महामार्गावर उभे वाहन म्हणजे काय, हे त्यावरून कळते. आणि नेमक्या याच प्रसंगात ही यंत्रणा सर्वांत दुबळी आहे.

सर्वांत वाईट प्रसंग आणखी वेगळा. आपल्यापुढे एक मोटार चालली आहे आणि तिच्यापुढे उभा ट्रक आहे. मोटारवाला ऐनवेळी ट्रक पाहतो आणि झटकन बाजूला होतो. आपल्या गाडीच्या दृष्टीने पुढचे वाहन गेले, रस्ता मोकळा झाला. उभा ट्रक तिने अजून मोजलेला नाही. अशा क्षणी ती वेग वाढवू लागण्याचाही संभव असतो.

वेग वाढतो तो असा

ब्रेकपेक्षा हे अचानक वेग घेणे नव्या माणसाला जास्त दचकवते. आपण १०० लावले आहेत, पण पुढच्या टेंपोमागे ६० ने चाललो आहोत. टेंपो डावीकडे वळून सर्व्हिस रोडला लागला की आपली गाडी लगेच १०० कडे धाव घेते. पुढे टोलनाका असो, गाव असो, तिला त्याची फिकीर नसते. टोलच्या रांगेत पुढच्याने लेन बदलली तरी हेच घडू शकते.

‘रिझ्यूम’ असे लिहिलेल्या बटणाचेही तसेच. ब्रेक दाबला की एसीसी बाजूला होते, पण आधीचा वेग तिच्या लक्षात राहतो. अर्ध्या तासाने अरुंद रस्त्यावर ते बटण दाबले तर गाडी त्या जुन्या १०० कडे निघते.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच सांगितली जाते. एसीसी चालू असताना ॲक्सिलरेटरवर पाय असेल तर गाडी आपल्या हुकमाला वरचढ मानते, आणि तेवढा वेळ एसीसी ब्रेक लावत नाही. सवयीने तिथे पाय टेकवून बसणाऱ्यांनी हे विसरू नये.

मध्येच घुसणारे, कडेने चालणारे

ही यंत्रणा ज्या रस्त्यांसाठी घडली तिथे वाहने पट्ट्यांच्या आत चालतात. आपल्याकडे रिक्षा, दुचाकी, डंपर, एसटी, जो तो फट दिसली की शिरतो. शेजारच्या लेनमधले वाहन बरेचसे आत आल्याखेरीज गाडी त्याला ‘पुढचे वाहन’ मानत नाही. जाणता ड्रायव्हर रिक्षाचे चाक वळताना पाहूनच पाय उचलतो. गाडी उशिरा जागी होते आणि मग ब्रेकचा हिसका बसतो. तो हिसका मागून चिकटून येणाऱ्याला अनपेक्षित असतो.

दुचाकी अरुंद असते आणि लेनच्या कडेने चालते. ती रडारच्या नजरेतून सुटू शकते. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, पण पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-गोवा रस्त्यावर त्या पावलोपावली आहेत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, त्यांना धड लाल दिवा नसतो आणि ऊस मागे बाहेर आलेला असतो. लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकचेही तसेच. रडार बंपरच्या उंचीवरून पाहते. वर लोंबणारा माल त्याला दिसेलच असे नाही. उलट्या दिशेने समोर येणारे वाहन, अचानक आडवी आलेली गाय किंवा पायी चालणारा माणूस, यांच्यासाठी तर एसीसी बनलेलीच नाही.

ती सहसा आपल्या लगेच पुढच्या वाहनाचाच हिशेब ठेवते. अनुभवी चालक मात्र चार गाड्या पलीकडचे लाल दिवे पाहून आधीच वेग उतरवतो. अमेरिकेतील संशोधकांनी बाजारातल्या ७ गाड्यांची एसीसी तपासली. त्यांचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढच्या गाडीने वेग थोडा कमी केला तर मागची जरा जास्त कमी करते, तिच्या मागची त्याहून जास्त, असा प्रकार सातही गाड्यांत आढळला. गर्दीत एसीसीवर चालणाऱ्या गाडीत मागे बसलेल्या मुलांना मळमळू लागले तर कारण बहुधा हेच पुढेमागे हेलकावणे असते.

वळण, घाट आणि पाऊस

रडारची नजर सरळ आणि बेताच्या रुंदीची असते. तीव्र वळणावर पुढचे वाहन त्या नजरेबाहेर जाते. गाडीला वाटते रस्ता मोकळा झाला आणि ती वळणातच वेग घेऊ पाहते. कधी उलट घडते. शेजारच्या लेनमधला ट्रक समोर आल्यासारखा वाटून ती विनाकारण ब्रेक लावते. म्हणून खंडाळा, कसारा, आंबा किंवा वरंधा, घाट कोणताही असो, एसीसी बंद ठेवावी. उतारावर योग्य गिअर निवडणे हे माणसाचेच काम आहे.

मुसळधार पाऊस, दाट धुके, बंपरवर चढलेला चिखल यांमुळे रडार किंवा कॅमेरा झाकला गेला की पडद्यावर सूचना येते आणि एसीसी बंद पडते. ती सूचना आली नाही म्हणून सगळे ठीक आहे असेही नाही. रस्ता ओला असेल तर थांबायला जास्त अंतर लागते, पण आपण लावलेली अंतराची पायरी गाडी तुमच्यासाठी वाढवत नाही. पाण्यावरून टायर घसरू लागले तर वेग धरून ठेवू पाहणारी यंत्रणा नको असते. कोकणातल्या पावसाळ्यात तिला विश्रांती द्यावी हे बरे.

पाय मोकळा झाला, पुढे काय?

इथवरच्या सगळ्या उणिवांवर एकच इलाज आहे. चालवणाऱ्याने जागे राहून रस्ता पाहणे. अडचण अशी की, ही सोय नेमके तेच अवघड करते. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ मध्ये यंत्रांविषयी एक निबंध लिहिला होता. त्यातला मुद्दा असा की, सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे नुसते लक्ष ठेवण्याचे काम उरते, आणि काही न करता लक्ष ठेवणे माणसाला फार वेळ जमत नाही. शिवाय संकट आले की त्याच माणसाने एका क्षणात सगळा ताबा घ्यावा, अशी अपेक्षा असते.

सरळ, रिकामा रस्ता, एकसारखा आवाज, थंड हवा आणि पायाला काम नाही. डोळे उघडे असूनही मन पेंगते. रमजानमध्ये हे जास्त जपावे लागते. सहरीसाठी झोप मोडलेली असते, दुपारनंतर झापड येते आणि इफ्तारच्या आत घर गाठायची घाई असते. एसीसी पेंगणाऱ्या माणसाची गाडी तितक्याच इमानाने १०० ने पळवत ठेवते. जिथे पाय सैल पडून वेग उतरला असता आणि घरच्यांना शंका आली असती, तिथे आता काहीच कळत नाही.

वेगाच्या बाबतीतही माणूस सैल होतो. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासात असे आढळले की, अशी यंत्रणा चालू असताना चालक वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. एकदा मोठा आकडा लावला की पुढचे यंत्र पाहील, ही भावना त्यामागे असावी.

घरात ठरवून घ्यायच्या गोष्टी

सोय वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. ती कुठे वापरायची हे सफरीआधी घरात ठरलेले असावे, एवढेच.

पहिल्यांदा वापरताना सोबत कुटुंब नसावे. दिवसा, मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, गाडी पुढच्याला पाहून कधी ब्रेक लावते आणि तो गेल्यावर कशी धावते, याचा अंदाज घ्यावा. पाय ब्रेकजवळ ठेवावा. पुढच्या वाहनापासूनचे अंतर सर्वांत जास्त पायरीवर लावावे. मध्ये कोणी घुसले तर घुसू द्यावे, त्यासाठी अंतर कमी करू नये. वेगाचा आकडा रस्त्याच्या मर्यादेवर किंवा खालीच ठेवावा.

टोलनाका, गाव, घाट, रस्त्याचे काम, पाऊस, उसाच्या ट्रॉल्या, यांपैकी काहीही दिसले की ब्रेकला हलकासा पाय लावून एसीसी बंद करावी. रात्री वापरायचीच असेल तर आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते त्याच्या आत थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा. निघण्यापूर्वी बंपर आणि काच पुसून घ्यावी. दोन तासांनी थांबून चहा घ्यावा आणि झोप येत असेल तर चालवणारा बदलावा.

आणि शेजारी बसणाऱ्यांसाठी. मीटरवर साधारणपणे एका गाडीचे चित्र, अंतराच्या रेघा आणि लावलेला वेग दिसतो. पुढे वाहन असूनही त्या चित्रात ते दिसत नसेल तर समजावे की आपल्या गाडीने त्याला पाहिलेले नाही. ही खूण अम्मी, बहीण, बारा वर्षांचा मुलगा, कोणालाही पाच मिनिटांत शिकता येते. ती त्यांना शिकवावी. त्यांच्यापैकी कोणी “हे आता बंद कर” म्हणाले तर वाद न घालता बंद करावे. घर गाठायला दहा मिनिटे उशीर झाला तर दारात उभे असलेले कोणी त्याचा हिशेब मागत नाही.